शनिवारचे तीन डबे

माझ्या सासूबाईंना सगळा बाजार बटणबाई म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. कोणी नावाने हाक मारली तर शाळेत उभं केल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणतात. वय एकाहत्तर, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शर्टाकडे बघतात. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "तुझं वरून तिसरं बटण बाकीच्यांच्या घरातलं नाही." खरंच नव्हतं. आदल्या दिवशी तुटलं म्हणून दुसऱ्या ड्रेसचं काढून लावलं होतं, आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही असं माझ्या आईने मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापासून आत पंधरा पावलं, आणि रुंदी एवढीच की दोन माणसांना एकमेकांना वाट देताना अंग चोरावं लागतं. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पुठ्ठ्याचे चारशे बारा डबे. प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतलंच एक बटण दोऱ्याने शिवलेलं. सासरे होते तेव्हा त्यांनी प्रत्येक डब्याच्या बुडाला आणि त्याच्या जागी फळीच्या कडेला पांढऱ्या रंगाने एकच आकडा घातला. ते फार शिस्तीचे. सासूबाईंनी त्या आकड्यांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. गिऱ्हाईक कोटावरचं उरलंसुरलं बटण दाखवतं, त्या ते बोटांत एकदा फिरवतात, परत देऊन टाकतात, रिकाम्या हाताने फळीशी जातात आणि नेमका तोच डबा काढतात. लोक हे बघायला म्हणून मुद्दाम येतात. शेजारचे घड्याळजी तर आपल्या गिऱ्हाइकांना आणून दाखवायचे.

मी ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक. ते वाचकाने ठेवलं असो की साहेबांनी, दिसलं की उचलायचं आणि आकडा बघून जागेवर लावायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझा हात आता कुठेही गेला तरी आवरतो. लोकांच्या घरी गेले की त्यांची मासिकं महिन्यांप्रमाणे लावते. नवरा म्हणतो, तुला पाहुणी म्हणून बोलवायचं की कामाला, हे लोकांना कळत नाही.

साडेतीन महिन्यांपूर्वी ग्रंथालयाची वेळ बदलली आणि मला एक वाजता सुटी होऊ लागली. दुपारी सासूबाई जेवायला आणि जरा पाठ टेकायला घरी जातात, तेवढा वेळ दुकान बंद असायचं. मी म्हटलं, मी बसते. त्यांनी माझ्या बाहीच्या बटणांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बस. पण काही आवरू नकोस."

"हो आई," मी म्हणाले.

सासू सुनेला आवरू नकोस म्हणते, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. मला वाटलं, काळजीने म्हणताहेत, दमून आलेली असते बिचारी. त्यांना शब्दशः तेच म्हणायचं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्याच सोमवारी दुपारी माझं लक्ष गेलं. दोनशे चौदाच्या जागी अठ्ठ्याऐंशी नंबरचा डबा होता. अठ्ठ्याऐंशीच्या जागी तीनशे एक. तीनशे एकच्या जागी दोनशे चौदा. मी तिन्ही उचलून जागेवर लावले आणि बरं वाटलं. पुढच्या सोमवारी आणखी तीन. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तीन. तेव्हा मात्र मी घाबरले. ज्या बाईचा हात चाळीस वर्षांत चुकला नाही, ती आता डबे भलतीकडेच ठेवत होती आणि तिला पत्ताही नव्हता.

मी कोणाला बोलले नाही. त्यांना कळलं तर वाईट वाटेल, म्हणून गुपचूप डबे जागेवर ठेवत गेले आणि सवयीने एका वहीत तारीख, आकडा आणि बटणाचं वर्णन लिहीत गेले. दर वेळी तीनच डबे आणि तेही एकमेकांच्याच जागी, हे मला वहीत रोज दिसत होतं. विसराळू माणूस इतक्या नेमाने विसरत नाही, हा विचार मला शिवला नाही. घाबरलेलं डोकं असंच चालतं.

आणि एकदा संशय आला की सगळंच त्यात बसायला लागतं. घड्याळजींनी एक दिवस मला बाजूला घेतलं. "तुमच्या आई काल पोस्टामागच्या गल्लीतून चालल्या होत्या. परवा बेकरीच्या. घरचा रस्ता तर सरळ आहे ना?" डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला सगळंच मोठं दिसतं, असं म्हणून मी ते उडवून लावलं. पण त्यानंतर मीही बघू लागले. सासूबाई चालताना काहीतरी पुटपुटायच्या, आकडे असायचे. चहा डाव्या हाताने ढवळायच्या आणि निम्मा बशीत सांडायच्या. स्वेटरची बाही पूर्ण विणून झाली की बघत राहायच्या आणि सगळी उसवून टाकायच्या. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आई पहिल्यापासून तशीच आहे. पण त्या दिवशी त्याने ताटातून मान वर न काढता जेवण केलं.

दुकानातही दिसू लागलं. त्यांचा हात एखाद्या डब्याकडे सरळ जायचा, अर्ध्यात थांबायचा. डबा बाहेर काढून त्या त्यावरचं बटण बघत उभ्या राहायच्या. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हवा तो डबा आणायच्या. गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही, एवढंसंच व्हायचं ते. पण येताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. महिन्याभराने त्यांनी चष्मा लावून फळीच्या कडेचे आकडे वाचायला सुरुवात केली. सासऱ्यांनी घातलेले ते आकडे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आले, आणि ते बघून मला स्टुलावर बसल्या जागी रडू आलं.

कडेलोट झाला तो चामड्याच्या बटणांवरून. कोट शिवणारा उंच शिंपी आला, तपकिरी चामडी बटणं हवी होती, सहा. सासूबाई डावीकडच्या फळीशी गेल्या. डबा तिथे नव्हता. चष्मा लावला, आकडा वाचला, जागा रिकामी. उजवीकडे बघितलं, खाली बघितलं, मीही सगळं पालथं घातलं. शिंपी म्हणाला, "घाई नाही हो बटणबाई, कोट आठवड्याने द्यायचाय." त्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. डबा दुसऱ्या दिवशी मिळाला. नवरा बल्ब बदलायला शिडीवर चढला तर तो दाराच्या वर, अगदी छताला लागून असलेल्या फळीवर, गणवेशाच्या बटणांमध्ये बसला होता.

त्या रात्रीच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "शेजारचा मोबाइलवाला जागा मागतोय ना? महिनाअखेर देऊन टाका त्याला."

"अगं आई, एक डबा सापडला नाही तर..."

"एक नाही," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली. सासूबाईंनी हट्ट केला नाही, तेवढं एकच म्हणाल्या, की डॉक्टरने सांगितलं की डोकं गेलं, तर मला कोणी समजावत बसू नका, दुकानाची किल्ली घ्या आणि मोकळे व्हा.

बुधवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सासूबाई थेट दोनपर्यंत आल्या आणि पुढे काय करू म्हणून विचारलं. मग तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले : चावी, ढग, सायकल. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर अचानक विचारलं, "मघाचे शब्द सांगा बरं."

"चावी, ढग, सायकल. आणि तुमच्या कोटाचं दुसरं बटण बदललेलं आहे. चार भोकांच्या रांगेत ते दोन भोकांचं आहे."

डॉक्टरने खाली मान घालून पाहिलं आणि ती हसायला लागली. "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. ते चालतं ठेवायला काही करता का? काही छंद, काही सवयी?"

सासूबाई पदरात काही सांडल्यासारख्या स्वतःच्या मांडीकडे बघत राहिल्या.

"करते ना. घरी रोज वेगळ्या गल्लीने जाते. वारावर लावून दिल्यात गल्ल्या. मंगळवारी बेकरीची, बुधवारी पोस्टामागची. जाताना गाड्यांच्या नंबरांची बेरीज करते. एका वेळी एकच काम डाव्या हाताने. स्वेटर नमुना न बघता विणते, आणि चुकला नाही तर उसवते, चुकला तर ठेवते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळतं."

माझी मान हळूहळू खाली जात होती. मी ज्याला ज्याला रोग समजले होते, तो सगळा त्यांचा व्यायाम होता.

"आणि डबे," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा दुकानात मी एकटी पडले. एक दिवस गिऱ्हाईक बटणं घेऊन गेलं आणि मला आठवेना की मी त्याला काय दिलं. दिलं बरोबरच होतं. पण हात आपला आपण चालत होता आणि डोकं झोपलं होतं. मी घाबरले. तेव्हापासून दर शनिवारी दुकान बंद करताना तीन डबे उचलायचे आणि एकमेकांच्या जागी ठेवायचे. आठवडाभर डोक्याला काम राहतं. पुढच्या शनिवारी ते परत जागेवर आणि दुसरे तीन. आठ वर्षं चाललंय. कधी चुकले नाही."

"मग आता काय झालं?"

"आता..." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी विसरत असते ना, तर एवढं काही वाटलं नसतं. माझ्या वयाची सगळीच विसरतात. पण मी न केलेलं आठवायला लागलेय. डबा मी हलवला, या हाताने हलवला, मला लख्ख आठवतं. आणि जाऊन बघावं तर तो जुन्याच जागी. म्हणजे मी हलवलाच नव्हता. दर आठवड्याला असं होतंय. मग मला बाकीचं जे आठवतं ते तरी खरं कशावरून? ह्यांचं शेवटचं बोलणं आठवतं, ते ते बोलले होते की मीच रचलं?"

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी खोकत होतं. क्षणभर मनात आलं की इथे गप्प बसावं आणि घरी गेल्यावर नीट सांगावं. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"डॉक्टर, ते डबे मी ठेवत होते," मी म्हणाले. "जागेवर. दर सोमवारी."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मला वाटलं, आई चुकून भलतीकडे ठेवतात. म्हणून मी आकडे बघून परत लावत होते. त्यांना कळू नये म्हणून."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग आज तपासायचं नक्की कोणाला होतं?" ती म्हणाली. तिने कागदावर सही केली, वर्षाने सहज एकदा येऊन जा म्हणून सांगितलं आणि आम्हाला वाटेला लावलं.

सासूबाई पुढे आणि मी मागे, अशा आम्ही निघालो. चौकात सरळ न जाता पोस्टामागच्या गल्लीत वळल्या, कारण बुधवार होता. दुकानाचं शटर अर्धं वर करून त्या वाकून आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, आवरू नकोस. तू हो म्हणाली होतीस."

"हो आई."

"तू हो म्हणालीस म्हणून तुझ्यावर शंकासुद्धा घेतली नाही मी. स्वतःवर घेतली. साडेतीन महिने स्वतःला वेडी समजत होते."

मी चुकले म्हणाले. मग रडले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, हेही सांगितलं. "आणि तुम्ही पोरं घाबराल म्हणून मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा राग होता तो खरा होता, पण तो फार वेळ टिकेना. मध्येच त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलायचा. शेवटी त्यांनी पदराने तोंड दाबलं आणि खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या.

"वही काढ," त्या म्हणाल्या. "लिहिलं असशीलच तू. न लिहिता तुला राहवतं कुठे."

मी पिशवीतून वही काढली. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या शनिवारपासून सांगायला सुरुवात केली. निळी, जहाजाच्या नांगराची बटणं, शिंपल्याची बारीक, काळी चौकोनी. मी वहीत बोट ठेवलं. दोनशे चौदा, अठ्ठ्याऐंशी, तीनशे एक. बरोबर. दुसरा शनिवार. बरोबर. तिसरा. त्या सांगत गेल्या आणि मी बोट खाली सरकवत गेले. चौदा शनिवार, बेचाळीस डबे, एकही इकडचा तिकडे नाही. शेवटचे तीन जुळले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे उघडले आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. कित्येक आठवड्यांत त्यांना तसं टेकून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ह्यांचं बोलणंही खरंच होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग एकदम सरळ झाल्या. "चामडी बटणं राहिली. ती कधी हलवलीस?"

मी वहीत बघितलं. चामड्याच्या बटणांची कुठे नोंदच नव्हती. तो डबा मी कधी हातातही घेतला नव्हता. पण इतक्या दिवसांनी ती बाई खुर्चीत टेकून बसली होती. त्यांचा चष्मा पर्समध्ये होता, वही माझ्या हातात होती.

"तीही मीच," मी म्हणाले. "हे काय, लिहिलंय इथे. आकडा चुकीचा वाचला आणि वर ठेवून दिला."

"वर कुठे?"

"दाराच्या वर. तिथेच नाही का सापडला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या शिडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तुझे पाय लटपटतात," त्या म्हणाल्या. "मागे बल्ब बदलायला चढलीस, तर शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभी होतीस. घड्याळजींना बोलावून उतरवावं लागलं तुला. आणि तू आठव्या पायरीवर चढून डबा ठेवलास?"

मी वही मिटली.

"तो मी ठेवला. गणवेशाची बटणं काढायला चढले असेन, हातात असेल, तिथेच ठेवून दिला असेन. आठवत नाही. तो खरंच विसरले." त्या हे सांगताना अजिबात घाबरलेल्या नव्हत्या. "चारशे बारातला एक विसरले. एवढं चालतं. तो माझा विसर आहे, तू आपल्या नावावर लावून घेऊ नकोस."

"मग मोबाइलवाल्याला काय सांगायचं?"

"जागा रिकामी नाही म्हणावं. सुनेचं खोटं बसल्या जागी पकडता येतंय, तोवर दुकान चालेल माझं."

त्या उठल्या, शटर पूर्ण वर केलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आता तीन डबे हलव. मी बघत नाही."

"आई, आज बुधवार आहे."

"चौदा शनिवार खाल्लेस माझे. भरून कोण देणार?" त्या भिंतीशीच बोलत होत्या. "आणि खालच्याच फळ्यांवरचे घे."

मी डोळे पुसले आणि पहिला डबा उचलला.